निरागस मुलाची सोयीची गोष्ट

युद्धावरची कुठलीही कादंबरी घ्या आणि तिचं मलपृष्ठ वाचा. 'युद्धाने हिरावलेलं बालपण', 'कोवळ्या नजरेतून महायुद्ध', 'निरागसतेचा करुण अंत', यातली एखादी ओळ तिथे असणारच. सिनेमाच्या ट्रेलरमध्ये तेच, पुस्तकांवरच्या रील्समध्येही तेच. मागे व्हायोलिन वाजतं, समोर मोठ्या डोळ्यांचा मुलगा उभा असतो. सगळीकडे गोष्ट एकच: मूल आधी स्वच्छ होतं, मग बाहेरून युद्ध आलं आणि त्याने त्याला मळवलं.

माझं म्हणणं असं की ही गोष्ट खोटी आहे, आणि ती इतकी खपते कारण ती मोठ्यांच्या सोयीची आहे.

पहिला बॉम्ब पडायच्या कितीतरी आधी मुलापर्यंत दुसरं काहीतरी पोचलेलं असतं. शाळेचं पुस्तक, कवायतीचं गाणं, रेडिओ, चित्रकथा. या सगळ्याला आपण प्रोपगंडा म्हणतो आणि समजतो की तो मुलाची निरागसता मारतो. प्रत्यक्षात त्याला ती जिवंत हवी असते. ऐकलेल्यावर विश्वास ठेवायची तयारी, गोष्टीची भूक, शाबासकीची ओढ, 'चांगलं मूल' व्हायची धडपड, हे सगळं शाबूत असेल तरच त्याचं काम होतं. बेरकी, संशयी मूल त्याच्या काही उपयोगाचं नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडचा पहिला धडा असा की बाहेरून आलेलं इनपुट तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही. लहान मुलाकडे ही सोय नसते, आणि नसते म्हणूनच ते भाषा शिकू शकतं. आई 'हा चमचा' म्हणाली की ते पुरावा मागत बसत नाही. ज्या दारातून 'चमचा' आत येतो त्याच दारातून 'ती माणसं घाणेरडी' हेही आत येतं. युद्धकथेत मुलाचं नेमकं काय होतं हे सांगायचं तर लेखकाला या दाराशी उभं राहावं लागतं. बहुतेक लोकप्रिय युद्धकथा तिथे फिरकतही नाहीत.

ब्रुनोची शाळा कुठे गेली?

सर्वांत गाजलेलं उदाहरण घेऊ. जॉन बॉयनची 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' ही कादंबरी २००६ साली आली, २००८ साली तिच्यावर सिनेमा निघाला. तुमच्यापैकी अनेकांनी तो बघितला असेल आणि शेवटी रडलाही असाल. ब्रुनो नऊ वर्षांचा. वडील नाझी अधिकारी, ऑश्विट्झच्या छावणीचे प्रमुख. कुंपणापलीकडे बसलेल्या श्मुएल नावाच्या ज्यू मुलाशी त्याची मैत्री होते. ज्यू म्हणजे कोण, कुंपण कशासाठी, पलीकडची माणसं पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत का, यातलं ब्रुनोला काहीच ठाऊक नाही. 'ऑश्विट्झ'ला तो 'आउट-विथ' म्हणतो, 'फ्यूरर'ला 'फ्यूरी'. बर्लिनमध्ये वाढलेल्या जर्मन मुलाला रोज कानावर पडणारा आपल्याच भाषेतला शब्द उच्चारता येत नाही, आणि त्याच्या चुकीची कोटी होते ती मात्र इंग्रजीत!

कादंबरीनुसार ब्रुनोचा जन्म एप्रिल १९३४चा. हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३मध्ये. म्हणजे या मुलाने हिटलरशिवायचा एक दिवसही बघितलेला नाही. नाझींच्या मुलांच्या संघटनेत दहाव्या वर्षी घेत असत, ब्रुनो अजून नऊचाच, असा बचाव कुणी करेल. पण शाळेत सहाव्या वर्षी जातात. तिथे रोजचा 'हाइल हिटलर' होता, भिंतीवर फोटो होता, धड्यात 'वंश' होता. छावणीप्रमुखाच्या घरातलं मूल यातल्या कशानेही न शिवता नऊ वर्षांचं होतं, हे मान्य करायला शाळा नावाची गोष्टच जगातून पुसून टाकावी लागते. ऑश्विट्झच्या स्मारक-संग्रहालयाने जानेवारी २०२०मध्ये जाहीरपणे सांगितलं की होलोकॉस्टचा इतिहास शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. मला त्याचं मुळीच आश्चर्य वाटत नाही.

गंमत म्हणजे खरी गोष्ट बॉयनच्या हातात होती. ब्रुनोला एक बहीण आहे, ग्रेटेल, बारा वर्षांची. कादंबरीत ती बाहुल्या बाजूला सारते आणि भिंतीवर युरोपचे नकाशे लावून त्यात टाचण्या टोचायला लागते. बाहुलीपासून टाचणीपर्यंतचा हा प्रवास हीच तर आपल्याला हवी असलेली कादंबरी होती! कोणत्या धड्याने, कोणाच्या कौतुकाने ती तिथवर आली? बॉयनने तिला कोपऱ्यात ठेवलं. २०२२ साली त्याने म्हाताऱ्या ग्रेटेलवर वेगळी कादंबरी लिहिली, पण तोवर 'काहीच माहीत नसलेला जर्मन मुलगा' जगभरच्या वर्गांत जाऊन बसला होता.

जंगलातली आई आणि एक गणित

ब्रुनोच्या वयाच्या मुलांसाठी त्या जर्मनीत खरोखर काय छापलं जात होतं ते बघू.

१९३८ साली 'विषारी अळंबी' अशा अर्थाच्या नावाचं एक रंगीत चित्रांचं पुस्तक निघालं. लेखक एर्न्स्ट हीमर, प्रकाशक युलिउस श्ट्राइखर. पहिल्याच गोष्टीत आई आणि मुलगा जंगलात अळंबी गोळा करायला गेलेत. कोणती खायची, कोणती विषारी, हे आई समजावते. मग ती म्हणते की माणसांचंही असंच असतं. विषारी माणसं कोण, तेही सांगते. या गोष्टीत आरडाओरडा नाही, रक्त नाही. आई प्रेमळ आहे, मुलगा चौकस आहे, उत्तर बरोबर आलं की आईला अभिमान वाटतो. कुठल्याही चांगल्या बालकथेत जे असतं ते सगळं आहे. श्ट्राइखरला न्युरेंबर्गच्या खटल्यानंतर ऑक्टोबर १९४६मध्ये फाशी झाली. तो सेनापती नव्हता, छावणी चालवत नव्हता. तो छापत होता.

दुसरा नमुना अंकगणिताच्या पुस्तकातला. मनोरुग्णांचं एक इस्पितळ बांधायला ६० लाख मार्क लागतात. एक घर १५,००० मार्कांत होतं. तर इस्पितळाच्या पैशात किती घरं झाली असती? उत्तर ४००. उत्तर अगदी बरोबर आहे, आणि याच गोष्टीने मला त्या पुस्तकाची भीती वाटते. मुलाने भागाकार नीट केला की त्याला पैकीच्या पैकी गुण. प्रश्न कुणी घातला, इस्पितळ आणि घर यांना समोरासमोर कुणी उभं केलं, हे विचारायचे गुण नाहीत. पुढे १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत नाझी राजवटीने ७० हजारांहून अधिक मनोरुग्ण आणि अपंग माणसं विषारी वायूने मारली. हिशोब वर्गात आधीच करून झाला होता.

या दोन्ही नमुन्यांमध्ये मुलाचा कुठलाही दुर्गुण वापरलेला नाही. वापरलं आहे ते आईवरचं प्रेम आणि गणितातली हुशारी.

'पण ती तर परीकथा आहे'

बॉयनचे वाचक इथे एक मुद्दा काढतात. पुस्तकावरच लिहिलंय की ही एक बोधकथा आहे, मग तिला इतिहासाची फूटपट्टी का लावता?

कारण बोधकथा हा प्रचाराचा सर्वांत आवडता साचा आहे. जपानचं उदाहरण बघा. पीचच्या फळातून जन्मलेला मोमोतारो कुत्रा, माकड आणि पक्षी यांना सोबत घेऊन राक्षसांच्या बेटावर जातो आणि त्यांना हरवतो, ही तिथली घरोघरची गोष्ट. १९४३ साली मोमोतारोचा ॲनिमेशनपट निघाला, त्यात राक्षसांचं बेट म्हणजे पर्ल हार्बर. एप्रिल १९४५मध्ये, टोकियो जळून गेल्यानंतर, नौदलाच्या पुढाकाराने बनलेला पूर्ण लांबीचा दुसरा चित्रपट आला. त्यात गोंडस प्राणी सैनिक आहेत, जिंकलेल्या बेटावरच्या प्राण्यांना ते गाणं गात जपानी मुळाक्षरं शिकवतात. शेवटी छोटे प्राणी छत्रीधारी सैनिकांचा खेळ खेळत उड्या मारतात, आणि ज्यावर उड्या पडतात तो जमिनीवर काढलेला अमेरिकेचा नकाशा असतो.

हा चित्रपट बघणाऱ्या मुलाने निरागसता गमावली का? मुळीच नाही. ते हसलं असेल, त्याने गाणं पाठ केलं असेल, घरी जाऊन अंगणात उड्या मारल्या असतील. म्हणून 'परीकथा आहे' या वाक्याने बॉयनची सुटका होत नाही. राक्षस कोण हे आधी ठरवून दिलेली परीकथा आणि राक्षस कसा तयार झाला हे न सांगणारी परीकथा, दोन्ही वाचकाला प्रश्नापासून लांब ठेवतात.

ज्यांनी दार दाखवलं

मग असं लिहिता येतं का? येतं, आणि ते युद्धाच्या आधीपासून लिहिलं जातंय.

ओडन फॉन होर्वाथची 'देवाविना तरुणाई' अशा अर्थाच्या नावाची जर्मन कादंबरी १९३७ साली ॲमस्टरडॅमला छापली गेली. निवेदक शाळामास्तर आहे. पोरांचे निबंध तपासताना त्याला दिसतं की एकाने आफ्रिकेतल्या काळ्या लोकांबद्दल गलिच्छ मजकूर लिहिलाय. तो खोडायला त्याची लाल पेन्सिल उचलत नाही, कारण हेच तर रेडिओवर सांगितलं गेलंय. रेडिओने सांगितलेलं मास्तर कसं खोडणार? वह्या परत देताना तो एवढंच म्हणतो की तीही माणसंच आहेत. दुसऱ्या दिवशी मुलाचा बाप भांडायला येतो, आणि मग हा मास्तर आम्हाला नको असं पोरं सह्या करून कळवतात. सह्या करून! युद्ध सुरू व्हायला दोन वर्षं आहेत, एकही गोळी सुटलेली नाही, आणि पोरांची आज्ञाधारकता पूर्ण कामाला लागली आहे.

१९२९च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये एरिश मारिया रेमार्कने कांटोरेक नावाचा शिक्षक उभा केलाय. तो भाषणं देऊन देऊन अख्ख्या वर्गाला भरतीच्या कचेरीपर्यंत चालवत नेतो. योझेफ बेम नावाचा एकच मुलगा कचरत असतो. लोक काय म्हणतील म्हणून तोही जातो, आणि सर्वांत आधी मरणाऱ्यांत तोच. रेमार्क कांटोरेकला सैतान करत नाही. असे हजारो कांटोरेक होते आणि सगळ्यांना आपण भलंच करतोय असं वाटत होतं, हे तो दाखवतो.

मराठी वाचकाच्या घरातलं उदाहरण हवं असेल तर 'तोत्तोचान' आहे. ती कादंबरी नाही, तेत्सुको कुरोयानागींच्या आठवणी आहेत, पण मुद्द्यासाठी तिच्याइतकं चपखल काही नाही. रेल्वेच्या डब्यांची शाळा आपल्या सगळ्यांना आठवते. मासाओ आठवतो का? हा कोरियन मुलगा. तो तोत्तोचानला बघून जोरात ओरडतो, 'कोरियन!' तोत्तोचान घाबरते, घरी येऊन सांगते, आणि आईच्या डोळ्यांत पाणी येतं. लोक मासाओला आयुष्यभर हाच शब्द त्या सुरात ऐकवत आलेले असतात, त्यामुळे ही शिवी आहे असंच त्याला वाटतं. स्वतःच्या माणसांचं नाव तो शिवी म्हणून फेकतो. तोवर त्याच्यावर एकही बॉम्ब पडलेला नाही. युद्धाने काय हिरावलं हे विचारायच्या आधी या पोराकडून शांततेच्या काळात काय हिरावलं गेलं ते विचारा. आपल्याकडे 'तोत्तोचान' प्रयोगशील शिक्षणाचं गोड पुस्तक म्हणून वाटलं जातं आणि हे पान त्या गोडव्यात बुडून जातं.

उपखंडात यायचं तर बाप्सी सिध्वांची 'आइस-कँडी-मॅन' घ्या. इथे दोन देशांचं युद्ध नाही, फाळणीतलं लाहोर आहे. लेनी ही पारशी मुलगी. तिच्या लाडक्या हिंदू आयाला घरच्यांनी लपवून ठेवलंय. जमाव दारात येतो. ओळखीचा बर्फगोळेवाला लेनीला जवळ घेऊन गोड बोलून विचारतो, आणि खरं बोलायची सवय लागलेली लेनी खरं सांगून टाकते. जमाव आयाला ओढत नेतो. लेनीच्या हातून जे घडतं ते तिच्या सद्गुणामुळे घडतं. निरागसता कशी वापरली जाते याचं यापेक्षा नेमकं दृश्य मी वाचलेलं नाही.

मग मुलांना दोषी धरायचं?

हा प्रश्न रास्त आहे. दहा वर्षांच्या पोराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं का? नाही. पण दोष नसणं आणि सहभाग नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोष नाही हे दाखवायला सहभागच पुसून टाकला की त्या सहभागामागचे मोठेही पुसले जातात. ब्रुनोला काहीच माहीत नसेल तर त्याला शिकवणारं कुणी नव्हतंच. मग मलपृष्ठावर 'युद्धाने हिरावलं' असं लिहिता येतं. युद्धाला चेहरा नसतो, त्याच्यावर खटला चालत नाही. कांटोरेकला चेहरा आहे. अळंबीच्या पुस्तकातल्या आईला चेहरा आहे. 'सोयीची गोष्ट' म्हणतो ती याच अर्थाने.

सहभाग मान्य केला की खरी हानी कुठे होते तेही दिसायला लागतं. विश्वास फुटतो त्या क्षणी ती होते. मुलाला कळतं की आपण ज्यांच्यावर प्रेम केलं त्यांनी आपल्याला वापरलं. 'जोजो रॅबिट'मधला दहा वर्षांचा जोजो हिटलरला काल्पनिक मित्र मानून जगत असतो. चौकात फासावर लटकलेल्या आईचे बूट ओळखतो, तेव्हा आई आणि तो मित्र एकाच जगात राहू शकत नाहीत हे त्याला कळून चुकतं. मार्कस झुसाकच्या 'द बुक थीफ'मध्ये तळघरात लपलेला ज्यू तरुण हिटलरच्या पुस्तकाची पानं पांढऱ्या रंगाने रंगवतो आणि त्यांच्यावर लहानग्या लीझेलसाठी गोष्ट लिहितो. पण पांढऱ्या रंगाखाली जुनी अक्षरं असतातच. एकदा शिकवलेलं कोरं होत नाही, फार तर त्याच्यावर दुसरं काही लिहिता येतं. 'मूल कोरी पाटी असतं' म्हणणाऱ्यांनी ही पानं बघावीत.

निरागसता नावाचं कुलूप

ही फक्त साहित्याची चर्चा असती तर मी एवढा तावातावाने लिहिलं नसतं. निरागसतेची ही कल्पना आजही पुस्तकांवर कुलपं लावते.

केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. १९७३पासून त्यांनी 'बेअरफूट गेन' ही मांगा काढली. तिचं मोठेपण बॉम्बच्या चित्रांत आहे तितकंच बॉम्बच्या आधीच्या पानांतही आहे. गेनचा बाप युद्धाच्या विरोधात बोलतो, म्हणून गल्लीचा प्रमुख त्या घराला देशद्रोही ठरवतो, पोरं गेनला छळतात, आणि घराण्यावरचा डाग पुसायला थोरला भाऊ नौदलात भरती होतो. युद्ध संपल्यावर तोच गल्लीप्रमुख शांततेचा कैवारी बनून निवडणूक लढवतो.

डिसेंबर २०१२मध्ये जपानमधल्या मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना सांगितलं की हे पुस्तक मुलांच्या हाती सहज लागेल असं ठेवू नका. कारण काय, तर जपानी सैनिकांच्या अत्याचाराची चित्रं मुलांसाठी फार भयंकर आहेत. ऑगस्ट २०१३मध्ये, मोठा गदारोळ झाल्यावर, तो आदेश मागे घेतला गेला. २०२३ साली खुद्द हिरोशिमाने आपल्या शाळांच्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून गेनला वगळलं. आजारी आईसाठी गेन तळ्यातला मासा चोरतो, त्याने मुलांचा गैरसमज होईल, अशीही एक अडचण होती. मोमोतारोच्या काळात मुलांना भयंकर वाटेल म्हणून कुणी काही थांबवलं नव्हतं. मुलाच्या कोवळ्या मनाची काळजी खोटं भरताना वाटत नाही. खरं समोर आलं की मात्र ती नेमकी जागी होते.

आपल्याकडे बघा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सैनिकाच्या वेशातलं पोर लाकडी बंदूक रोखतं, समोर 'शत्रू' झालेलं पोर कोसळतं, पालक मोबाइल वर करून शूट करतात, संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर अंगठे आणि हार्ट. याची बरोबरी मी नाझी जर्मनीशी करत नाहीये. सैनिकाचा वेश घालणं म्हणजे द्वेष नव्हे. माझा प्रश्न त्या कोसळलेल्या पोराबद्दल आहे. त्याला शत्रू दाखवायला कोणता पोशाख घातला होता? तो कुणी निवडला? शत्रू दाखवायचा म्हणजे कसं दाखवायचं, हे त्या दोघांच्या डोक्यात कुठून आलं? 'अहो, लहान आहेत, त्यांना काय कळतंय' हे उत्तर देऊ नका. त्यांना कळत नाही, ते शिकतात.

एलेम क्लिमॉव्हच्या १९८५च्या 'कम अँड सी' या चित्रपटात बेलारूसच्या खेड्यातला फ्लोरा हा मुलगा शेवटी चिखलात पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडतो. प्रत्येक गोळीसरशी इतिहासाची फिल्म उलटी फिरते: छावण्या, मोर्चे, भाषणं, पहिलं महायुद्ध, आणि मग आईच्या मांडीवरचं बाळ. त्या बाळावर फ्लोरा गोळी झाडत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत गाव जाळलं गेलंय, तरी नाही. या पोराने सगळं गमावलंय असं म्हणणाऱ्यांनी हे दृश्य पुन्हा बघावं.

तुम्ही तुमच्या भाचीसाठी, पुतण्यासाठी युद्धावरचं पुस्तक निवडाल तेव्हा ते किती रडवतं हे बघू नका. त्यातलं मूल शाळेत जातं का, तिथे त्याला काय शिकवतात, ते कोणती गाणी म्हणतं, शत्रू हा शब्द त्याने पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकला, हे त्या पुस्तकात आहे का बघा. नसेल तर ते पुस्तक परत ठेवा आणि शेजारचं उचला.